कयफाची शाल

"मग माफ केलं म्हणाल ना, काका? दोनच शब्द!"

फादर ओनिलच्या डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा अजून निघालं नव्हतं आणि तोंड मात्र फाटकापासूनच सुरू झालं होतं.

हानोखकाका झिराडकर ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. गावात ज्यूंची चारच घरं उरली होती, त्यातलं एक त्यांचं. सिनेगॉगची किल्ली त्यांच्याकडे असायची. खाडीपलीकडच्या चर्चचे हे तरुण फादर दोन वर्षं दर मंगळवारी त्यांच्याकडे हिब्रू शिकायला यायचे. शिष्य हुशार. आपण हुशार आहोत हे शिष्याला पक्कं ठाऊक, हीच काय ती पंचाईत.

"आधी बस," काका म्हणाले. "पाणी पी. दम खा."

पाणी कोण पितो! फादर परवाच पोलंडहून आले होते. जिथे ज्यूंना गाड्या भरभरून आणलं आणि मारलं, त्या छावणीत स्वतः उभे राहून आले होते. तिथे काचेआड लहान मुलांच्या बुटांचा ढीग पाहून त्यांना भडभडून आलं होतं. त्यात काडीचीही खोट नव्हती. तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती, एकच ध्यास लागला होता.

"येत्या रविवारी, काका! बिशप येताहेत. पत्रिका वाटून झाल्या. मी सगळ्यांसमोर म्हणणार, आम्ही वेदीवरून तुम्हाला ख्रिस्ताचे मारेकरी म्हणत आलो, पिढ्यान्‌पिढ्या, आणि त्या विषाचं पुढे काय झालं ते जगानं पाहिलं. आम्हाला क्षमा करा. मग तुम्ही उठायचं, माझा हात धरायचा... लोक रडतील बघा! लिहून देतो!"

"मी काय माफ करू?" काका म्हणाले. "इथे आमच्या केसालाही कोणी धक्का लावला नाही. माझी बायको गेली तेव्हा तुझ्याच चर्चची माणसं खांदा द्यायला धावली. ज्यांना मारलं, त्यांनी मला वकीलपत्र दिलेलं नाही, बाबा."

"त्यांच्या वतीनं म्हणा!"

काकांनी नकारार्थी मान हलवली.

फादर हिरमुसले. तुम्ही आला नाहीत तर मी त्या मंचावर कोणाची माफी मागू, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"बरं, शनिवारपर्यंत विचार करा. आणि आणखी एक मागणं आहे! गुड फ्रायडेचं आमचं नाटक. यंदा मला सगळं अस्सल हवंय. तुमची ती तल्लीत द्याल? पांढरी, काळ्या पट्ट्यांची... प्रार्थनेला खांद्यावर घेता ती शाल."

"कोणाला?"

"कयफाला! येशूला मरण मागणारा ज्यूंचा प्रमुख याजक ना तो. आमचा बस्त्याव करतो. काय आवाज आहे, काका! 'क्रुसावर खिळा त्याला' म्हणून ओरडला की पटांगण पेटतं. लोक खडे मारतात त्याला, खरेखुरे! सगळे याजक ज्यू दिसावेत म्हणून त्यांना आम्ही मेणाची बाकदार नाकं लावतो. पूर्वीपासूनची पद्धत आहे..."

"अस्सं."

"जान येते नाटकात!"

"आणि येशूला काय घालता?"

"येशूला? पांढरा झगा. आणि सोनेरी केसांचा टोप, मुंबईहून आणलाय."

"सोनेरी."

"हो, म्हणजे... चित्रात असतात तसे..."

बोलता बोलता फादरांची जीभ अडखळली. याच ओसरीवर बसून त्यांनी काकांना सांगितलं होतं, तुमच्याकडे हिब्रू शिकतो, कारण येशूही ज्यूच होता, लहानपणी याच भाषेत प्रार्थना शिकला असणार.

त्यांनी हेल्मेट काढलं. कानशिलं तापली होती. पोलंडमध्ये रडू आलं होतं, इथे नुसती लाज वाटत होती, आणि लाज लपवायला जागा नव्हती.

काका उठले. गुडघ्यावर हात टेकत आत गेले. कपाट उघडल्याचा करकर आवाज आला... मग ते घडी केलेली शाल घेऊन आले. त्यांच्या वडिलांची होती. कापराचा वास येत होता.

"नको, काका!" फादर पटकन मागे सरले. "चुकलो. खरंच चुकलो. कयफाला नको."

काकांनी त्यांचे दोन्ही हात धरून पुढे ओढले आणि शाल त्यांच्या ओंजळीत ठेवली.

"अहो, पण... रविवारी तुम्ही येणार ना मंचावर?"

"मंचावर नको. गुड फ्रायडेला नाटकाला येतो, पुढच्या बाकावर बसतो," काका म्हणाले. "ही येशूला घाल."