धुक्यातली हाक

एका उंच डोंगरावर एक तळे होते आणि त्या तळ्यात एक बेट. बेटावर चाकाला बंदी होती. गाडी तर नाहीच, साधा हातगाडाही नाही.

एकदा एक कासार तिथे लग्नाच्या बांगड्या भरायला निघाला. बैलगाडी काठावरच सोडावी लागली. बेटावरच्या नावाड्याने त्याला होडीत घेतले.

"बैलांच्या घुंगरांवाचून झोप लागेल ना, कासारदादा?" नावाडी हसला.

"न लागायला काय झालं?" कासार म्हणाला. पण होडी धुक्यात शिरताच त्याने बांगड्यांची पेटी छातीशी धरली.

बांगड्या भरता भरता अंधार पडला. नावाड्याच्या बायकोने त्याला भाकरी वाढली आणि शेजारच्या, टोकावरच्या रिकाम्या घरात अंथरूण घातले.

"भावोजी, इथे काठ फार निसरडा," ती म्हणाली. "म्हणून निजायच्या आधी शेजारी शेजाऱ्याला हाक मारतो. हाक आली की ओ द्यायची. ओ आली नाही, तर माणूस पाण्यात पडला असं समजून आम्ही होड्या काढतो. हाक ऐकू यावी म्हणूनच इथे चाकांचा खडखडाट नको."

"एवढंच ना? देईन की!"

ती गेली. मग इतकी शांतता झाली की त्याला स्वतःचे काळीज ऐकू येऊ लागले. पायरीशी पाणी वाजत होते, कोणी जिभेने चाटत असावे तसे.

"आहात काऽऽ?"

हाक समोरच्या कड्यावर आपटून फिरून आली. ती बाईची वाटेना, माणसाचीही वाटेना. कासाराला आईचे बजावणे आठवले: रात्रीच्या हाकेला ओ देऊ नये, ओ देणाऱ्याला ती घेऊन जाते. नावाड्याच्या बायकोचे बोलणेही आठवले. पण ही हाक तिचीच कशावरून?

त्याने घोंगडी तोंडावर ओढली.

पुन्हा हाक आली. तो गप्प राहिला. मग अनेक आवाज उठले. दाराच्या फटीतून त्याने पाहिले, तर धुक्यात पाण्यावरून पेटते पलिते फिरत होते.

एवढ्यात लाकूड खडकावर आदळून फुटल्याचा आवाज झाला. एक पलिता विझला.

"अहो, कुठे आहात? ओ द्या ना!" एक बाई किंचाळली.

हा आवाज त्याने ओळखला. ती आता आपल्या नवऱ्याला हाक मारत होती, आणि ओ येत नव्हती.

कासाराची भीती गेली नाही. तो भीतभीतच दार उघडून पायरीवर आला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "आहे! मी इथे आहे! इकडे या!" तो ओरडतच राहिला.

बऱ्याच वेळाने पाण्यातून एका हाताने पायरी धरली. कासाराने नावाड्याला वर ओढले. त्याचा दुसरा हात मोडला होता.

"धुक्यात काठच दिसेना," नावाडी धापा टाकत म्हणाला. "तुमच्या आवाजामागे आलो. पण दादा, आधी का नाही बोललात?"

"मला भीती वाटली हो."

"आम्हालाही रोज वाटते," नावाडी म्हणाला. "म्हणून तर विचारतो."

नावाड्याचा हात बरा होईपर्यंत कासाराने बेटावर राहून त्याची होडी वल्हवली. रोज रात्री हाक पुरी व्हायच्या आत तो ओ देई. आवाज मात्र थोडा कापतच असे.

तात्पर्य: भीती वाटण्यात दोष नाही, पण आपली काळजी करणाऱ्याला उत्तर न देता लपून बसलो, तर आपल्या भीतीची किंमत त्याला मोजावी लागते.