चंद्रावर धावणारी गाडी

नगरपालिकेनं चित्रस्पर्धा ठेवली; विषय, काल्पनिक वाहन. हर्षला कासारनं फोटोंचे तुकडे कॉम्प्युटरवर जोडून, उजेड-सावली जुळवून चंद्रावर धावणारी गाडी केली. नगराध्यक्ष डांगेसाहेबांना चित्रातलं काय कळतं देव जाणे, पण माइक हातात होता.

"ही नुसती चिकटवाचिकटवी! यात तुझ्या कल्पनेतलं काय आहे, पोरी? दाखव, नाहीतर बाद!"

हर्षला भडकली.

"साहेब, शिडी आगीच्या बंबाची, दारं अँब्युलन्सची, चाकं पाण्याच्या टँकरची. सगळे फोटो पालिकेच्या मागच्या आवारात काढलेत. आमची गल्ली जळत होती, तेव्हाही या गाड्या तिथंच गंजत उभ्या होत्या. माझ्या कल्पनेतलं एकच आहे. माझी गाडी चालते!"