पाळण्याचा आकडा

“…मग तेरा एमएमचं ड्रिल घेऊ, की सरळ मोठं हॅमरचंच आणू, बाई?”

तपस्विनी हंसाबाई मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

अरविंद ढोमणे समोर सतरंजीवर बसला होता. हाताखाली चाळीस माणसं असलेला कंत्राटदार, पण दुकानात तासभर उभा राहून त्यानं स्वतः ड्रिलची चौकशी केली होती. विटेच्या भिंतीला साधं इम्पॅक्ट ड्रिल पुरतं. घरातली फळी, पडद्याचा दांडा, आरसा, सगळं त्यात भागतं. पण छताचं काँक्रीट टणक असतं. तिथं दणका हवा, नाहीतर पुढचं टोकदार बिट जळतं.

“काम कुठलं आहे?” बाईंनी विचारलं.

“तुम्हीच तर सांगितलंत. पार्बता इंगोलेंच्या खोलीत पाळण्याचा आकडा बसवायचा.”

“छताला?”

“छताला.”

“ते छत कोणी ओतलं?”

“मीच. धरणग्रस्तांची सगळी वसाहत माझीच आहे, बाई. एम-ट्वेंटी काँक्रीट. प्रमाणपत्र आहे.”

“मग दणकटच घे.”

अरविंद खूश झाला. त्याला बाईंकडून उपदेश घ्यायचा होता. मागच्या श्रावणात वसाहतीतल्या एका छताचा ढपला भाकरी थापत बसलेल्या इंदू खडसेच्या डोक्यावर पडला आणि ती चुलीपुढेच गेली. तेव्हापासून त्याची झोप उडाली होती. चौकशी झाली. वरच्या मजल्यावर उखळात मिरच्या कांडल्यामुळे छताला हादरे बसले, असा निष्कर्ष निघाला. माणूस मेलं, दोषी ठरलं उखळ! वसाहतीच्या फाटकावर पाटी लागली : इमारतीत कांडण करू नये. अरविंद सुटला. झोप मात्र परत आली नाही.

‘उपदेश नंतर,’ बाई म्हणाल्या होत्या. ‘आधी पार्बताच्या नातीचा पाळणा टांग. तुझ्या हातानं. माणूस पाठवू नकोस.’

दुकानातलं सगळ्यात भारी ड्रिल घेऊन तो दुपारी वसाहतीत गेला.

पार्बताबाईंनी त्याला दारात पाहिलं आणि पदर सावरला. आत त्यांची मुलगी मनीषा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. उद्या बारसं. भिंतीला टेकवलेला पाळणा कागदी झिरमिळ्यांनी सजवून तयार होता.

पेटीतलं यंत्र बाहेर निघालं, तशी म्हातारी बघतच राहिली.

“साहेब, एवढं मोठं मशीन कायले? आमी त कॅलेंडरचा खिळा आंगठ्यानंच दाबतो.”

“छत आहे आजी. भिंतीसारखं नसतं ते.”

“अन् मिरच्या कांडाची मनाई हाय इथं. हे चालते काय?”

मनीषा खाली बघून हसली. अरविंद हसला नाही.

त्यानं बाळाला बाजूला घ्यायला सांगितलं, स्टुलावर चढला, खूण केली. हॅमरचं बटण फिरवलं, पाय रोवले, दोन्ही हातांनी ड्रिल वर रेटलं आणि घोडा दाबला.

दणका बसलाच नाही.

बिट सुरळीत आत गेलं, भिजवलेल्या कणकेत बोट जावं तसं. अरविंद जोरात झोकांडला, स्टूल डगमगलं. त्यानं घोडा सोडला. भोकातून वाळू गळू लागली. कोरडी, राखाडी. आधी धार, मग चिमूट चिमूट…

त्यानं हॅमर बंद करून वीतभर पलीकडे दुसरं भोक पाडून बघितलं. तिथंही वाळूच. मधला तुकडा सुटून त्याच्या खांद्यावर आपटला. वर सळई दिसली. त्यानं नखानं खरवडली, तर तिचे पापुद्रे निघाले.

त्याला आठवलं. या खोल्यांचे स्लॅब पडत होते तेव्हा तो एकदाही इथं आला नव्हता. सिमेंटच्या किती गोण्या घालायच्या, ते मात्र त्यानंच फोनवर सांगितलं होतं.

पार्बताबाईंनी खाली सांडलेली वाळू पायानं एका बाजूला सारली. सवयीनं. जणू रोजचीच.

“आकडा बसन ना, साहेब? उद्या बाया येतीन. पाळणा टांगल्याबिगर नाव कसं ठेवाचं?”

“बसेल,” अरविंद म्हणाला. “जरा… दुसरं बिट आणतो.”

तो निघाला. ड्रिलची पेटी हातात, खांद्यावर वाळू. जिन्यावर त्यानं एकदाच मागं पाहिलं. मनीषा बाळाला पुन्हा त्याच जागी घेऊन बसली होती. खोलीत दुसरी जागाच नव्हती.

मठात आल्यावर त्यानं दंडवत घातला आणि तसाच बसून राहिला. बाईंचे तांदूळ निवडून झाले होते.

“टांगलास?”

“बाई, ड्रिल चुकलं. फारच ताकदीचं निघालं. हलकं घ्यायला हवं होतं.”

“हं.”

“किंवा हातानंच… हळूहळू भोक पाडून आत चिकटवायचं केमिकल भरलं, तर आकडा धरेल. पाळण्याला असं वजन तरी किती?”

“लेकरू कुठं आहे आता?”

अरविंद ड्रिलची पेटी उघडून आतली बिटं चाळू लागला.

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. त्याच्या खांद्यावरची वाळू बोटानं टिपली आणि त्याच्याच तळहातावर ठेवली.

“तुझ्या बंगल्यात झोपाळा आहे म्हणे.”

“आहे. सागवानी.”

“किती जण बसतात?”

“चार सहज. दिवाळीला पोरंसोरं धरून सहा-सात.”

“छत कुरकुरत नाही?”

“छे! तो स्लॅब मी स्वतः उभा राहून ओतून घेतलाय, बाई. एक गोणी इकडची तिकडे…”

तो थांबला.

अरविंदची मूठ आपोआप मिटली. वाळू बोटांच्या फटींतून सतरंजीवर गळत राहिली…

शेवटी त्यानं विचारलं, “मग, बाई… कोणतं ड्रिल घेऊ?”

बाईंनी पेटीचं झाकण लावलं, कडी घातली आणि पेटी त्याच्याकडे सरकवली.

“हे दुकानात परत कर, अरविंद. घरचा झोपाळा उतरव. आकडा तुझ्या घरी आहे.”