इटुकलीचं गवती चहाचं पान

एक होती उंदरी. एवढीशी! तुझ्या अंगठ्याएवढी. तिचं नाव इटुकली.

इटुकलीच्या बिळाच्या दारात गवती चहा उगवला होता. हिरवागार! पण शेळी आली. चर चर चरली. ढेकर देऊन निघून गेली. एकच पान उरलं.

आणि त्याच दिवशी गावात होता मायघरचा चहा!

मायघर म्हणजे काय, ठाऊक आहे? कुणाची आई आजारी पडते. कुणाचं बाळ रडून रडून घर डोक्यावर घेतं. मग मायघरच्या द्वारकाकाकू येतात. पेज शिजवतात. आणि म्हणतात, "तू टेक जरा. मी बसते बाळापाशी."

वर्षातून एकदा शाळेच्या पटांगणात मोठ्ठं पातेलं चढतं. सगळ्यांनी यायचं. चहा प्यायचा. मायघरच्या डब्यात पैसे टाकायचे. खण्ण! आणि ज्यांच्या घरी मायघर येऊन गेलं, त्यांनी चहात काहीतरी टाकायचं. कुणी साखर, कुणी आलं, कुणी दूध.

थंडीत इटुकलीची आई तापानं फणफणली होती. तेव्हा काकू आल्या होत्या. बिळापाशी मांडी घालून बसल्या होत्या. सात पिल्लांना पेज भरवली होती. काडीनं. थेंब थेंब.

आई म्हणाली, "इटुकले, हे पान काकूंना नेऊन दे. एवढंच आहे आपल्याकडे. पण चहात पडायला हवं गं बाई."

इटुकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

वारा आला. भुर्रर्र! पान उडालं. रस्त्यात पडलं.

म्हैस आली. धप्प! पानावर बसली.

"म्हशीताई, म्हशीताई, ऊठ ना!"

"का गं बाई, का?"

"पान मिळेना. चहात मी टाकू काय?"

"नाही उठत, जा! पाठ खाजतेय. कावळा पाठ टोकरेल, मग उठेन."

इटुकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"कावळेदादा, कावळेदादा, म्हशीची पाठ टोकर ना!"

"का गं बाई, का?"

"म्हैस उठेना,
पान मिळेना.
चहात मी टाकू काय?"

"नाही टोकरत, जा! भूक लागलीय. गोदामावशी भाकरी भाजेल, मला तुकडा देईल, मग टोकरेन."

इटुकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"गोदामावशी, गोदामावशी, भाकरी भाज ना!"

"का गं बाई, का?"

"कावळा टोकरेना,
म्हैस उठेना,
पान मिळेना.
चहात मी टाकू काय?"

"नाही भाजत, जा! चुलीत लाकूड नाही. धोंडूदादा लाकडं आणेल, मग भाजेन."

इटुकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. धोंडूदादा झाडाखाली बसला होता. पुढ्यात लाकडांचा ढीग. हातात दोराचे दोन तुकडे.

"धोंडूदादा, धोंडूदादा, लाकडं आण ना!"

"का गं बाई, का?"

"मावशी भाजेना,
कावळा टोकरेना,
म्हैस उठेना,
पान मिळेना.
चहात मी टाकू काय?"

"नाही आणत, जा! मोळी बांधू कशानं? दोर तुटला. पारूवहिनी दोर वळेल, मग आणेन."

इटुकली निघाली. तुरु तुरु... दमली. थोडी बसली. पुन्हा निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"पारूवहिनी, पारूवहिनी, दोर वळ ना!"

"का गं बाई, का?"

"दादा आणेना,
मावशी भाजेना,
कावळा टोकरेना,
म्हैस उठेना,
पान मिळेना.
चहात मी टाकू काय?"

पारूवहिनी "जा" म्हणाली नाही. तिचे डोळे लाल लाल झाले होते. केस सुटले होते. ती म्हणाली, "कशी वळू गं? बाळ सकाळपासून रडतंय. हात मोकळा नाही. बाळ हसेल, मग वळेन."

झोळीत बाळ होतं.

"ट्यँहाँ! ट्यँहाँ!"

इटुकली झोळीवर चढली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"बाळा, बाळा, हस ना!"

बाळ काही "का गं बाई, का?" म्हणालं नाही. बाळाला कुठं बोलता येतं?

"वहिनी वळेना,
दादा आणेना,
मावशी भाजेना,
कावळा टोकरेना,
म्हैस उठेना,
पान मिळेना.
चहात मी टाकू काय?"

"ट्यँहाँ! ट्यँहाँ!"

आता कुणाकडे जायचं? पुढं कुणीच नव्हतं. इटुकलीला रडू आलं. तिकडे पाणी उकळत असेल. काकू चहा गाळतील. आपलं पान राहूनच जाईल!

तिनं बाळाकडे पाहिलं. बाळ रडत होतं. तिनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीपण रडत होती, हळूच, पदराआड.

इटुकलीला थंडीतल्या काकू आठवल्या. तिनं डोळे पुसले. आणि अगदी काकूंसारखी म्हणाली, "वहिनी, तू टेक जरा. मी बसते बाळापाशी."

इटुकली बाळाच्या पोटावर बसली. शेपूट हलवलं. गुलु गुलु!

बाळ म्हणालं, "ट्यँ...?"

मिशा हलवल्या. फुर्र फुर्र!

बाळ गप्प.

मग इटुकली नाचली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आणि धुपकन पडली!

बाळ हसलं. खुदुखुदु! खुदुखुदु!

मग काय!

बाळ हसलं, वहिनीनं पाठ टेकली. घोटभर पाणी प्यायली. मग दोर वळला. सर्र सर्र.

वहिनीनं दोर वळला, दादानं लाकडं आणली. धाड धाड.

दादानं लाकडं आणली, मावशीनं भाकरी भाजली. थप थप.

मावशीनं भाकरी भाजली, कावळ्याला तुकडा मिळाला. काव काव.

कावळ्यानं पाठ टोकरली. टोक टोक. "हां, तिथंच! अजून जरा वर!" म्हैस म्हणाली.

आणि म्हैस उठली. हुश्श!

पान मिळालं. पण कसलं? चपटं! चुरगळलेलं! म्हैस काय हलकी होती?

इटुकलीनं पान तोंडात धरलं. पळाली. तुरु तुरु, तुरु तुरु, तुरु तुरु.

पटांगणात पातेलं रटरटत होतं. सगळे कप घेऊन बसले होते. "काकू, गाळा की आता!"

काकू म्हणत होत्या, "थांबा रे. अजून एक घर यायचंय."

इतक्यात इटुकली आली. धापा टाकत. पान मागे लपवत.

"काकू, आमचं पान. पण चुरगळलं हो."

काकूंनी पान हातात घेतलं. वास घेतला. हसल्या.

"अगं वेडाबाई, गवती चहा चुरगळूनच टाकतात! मला तर तेवढंही काम उरलं नाही."

पान पातेल्यात पडलं. टप्प! काय वास सुटला म्हणतोस! शाळेपासून नदीपर्यंत!

वास आला आणि राहिलेलेही सगळे आले. धोंडूदादा आला. डब्यात खण्ण! गोदामावशी आली. डब्यात खण्ण! कावळ्यानं कुठलंतरी नाणं चोचीत आणलं. खण्ण! कुठून आणलं ते विचारू नकोस. म्हशीनं चरवी भरून दूध दिलं.

शेवटी पारूवहिनी आली. कडेवर बाळ. बाळ हसतंय. वहिनी म्हणाली, "काकू, आज इटुकली होती म्हणून मी पाठ टेकली."

काकू म्हणाल्या, "उद्यापासून मायघर तुझ्याकडे येईल हो. रोज दुपारी. हा डबा त्याचसाठी तर आहे."

आणि मग इटुकलीकडे वळून म्हणाल्या, "तू मात्र आमच्याआधी गेलीस!"

काकूंनी चहा गाळला. पहिली बशी कुणाला? म्हशीला? नाही. दादाला? नाही. इटुकलीला! बशी केवढी, इटुकली केवढी! काठावर चढून प्यायली. सुर्र सुर्र.

आईसाठी काकूंनी टोपणभर चहा दिला. इटुकलीनं तो हळूहळू नेला. एक थेंब सांडला नाही.

आईनं वास घेतला. "हं! आपलं पान!"

"हो गं आई," इटुकली म्हणाली. "पडलं चहात."

पातेलं रिकामं, डबा जड, बाळ झोपलं, आपण गप. सुर्र!