बांध काढल्यावरचा काठ

पूर्वी कुशपुरात उग्रतेज राजाचे राज्य होते, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. त्याचे नाव भद्रसार. राजाच्या आजोबांनी जलक्रीडेसाठी नदीवर बांध घातला होता. त्यापायी खालची गावे तहानेने हैराण झाली होती, म्हणून भद्रसाराने राजाचे मन वळवून तो काढवला.

सरोवर ओसरले आणि तळचा चिखल उघडा पडला. त्याला दुर्गंधी सुटली. राजा म्हणाला, "अमात्य, माझे सरोवर घेऊन तुम्ही मला हे दिलेत. दोन पावसाळे थांबतो. काठ असाच राहिला तर बांध पुन्हा घालीन." खालच्या गावांचे पाणी आता या काठावर अवलंबून होते.

पहिल्या सरींनंतर चिखलावर टाकळा, माका, लव्हाळा असे नाना प्रकारचे तण माजले. राजाची स्वारी जिथे जाणार तिथली जमीन आधी खुरपून लख्ख करायची, ही कुशपुराची रीत. प्रधान माळी पुष्पदत्ताने त्याप्रमाणे अलीकडचा तीर साफ केला आणि चाफ्याची रोपे ओळीने लावली. राजा खूश झाला.

"पलीकडच्या तीराला मात्र खुरपे लागू नये," भद्रसाराने विनंती केली.

"ते रान बघायला कोण जाणार?"

"कोणी गेले नाही तरी ते वाढेल, महाराज."

अमात्य तण पोसतात, असे म्हणून दरबार पोट धरून हसला. राजाने मात्र ते रान तसेच राहू दिले आणि भद्रसाराने ते हसणे सोसले. त्याला आपल्या मताची पुरेपूर खात्री होती.

दुसऱ्या पावसाळ्यात मोठा पूर आला आणि अलीकडचा तीर चाफ्यासकट वाहून गेला. संतापलेला राजा पुष्पदत्ताला हाकलायला निघाला.

"त्याने आपली रीतच पाळली," भद्रसार म्हणाला. "त्याला बोल लावू नका. माझ्याबरोबर पलीकडे चला."

पलीकडचा तीर जागचा हलला नव्हता. लव्हाळ्याने गाळ धरून ठेवला होता आणि गेल्या पावसाळ्यातल्या पाण्याने आणलेल्या बियांतून वाळुंज, करंज, उंबर वर आले होते. लख्ख जमिनीच्या सवयीने राजाने टाकळ्याचे एक झाड उपटले. त्याच्या मुळांत गुंतलेले वाळुंजाचे कोवळे रोपही वर आले. राजा ओशाळला. मग तो चिखलात गुडघे टेकून बसला, दोन्ही झाडे एकाच खड्ड्यात ठेवली आणि माती हाताने दाबली.

"बांधाचे काय करायचे, महाराज?"

"कसला बांध?" राजा म्हणाला आणि पुन्हा माती दाबू लागला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा भिक्षू आनंद. पुष्पदत्त म्हणजे आपल्या शिष्यांना घाईने सुधारू पाहणारा हा समोरचा भिक्षू. अमात्य भद्रसार मीच होतो. त्या जन्मी मी क्षांती, म्हणजे सहनशीलतेची पारमिता पाळली."