चाक पूर्ण होईपर्यंत

एकदा एक वृद्ध सैनिक फौजेतून निवृत्त होऊन घाटाखालच्या आपल्या गावी परतले. तीस वर्षे त्यांनी जखमी जवानांची शुश्रूषा केली होती. गाव त्यांना आबा म्हणे. उपकेंद्रात नव्याने रुजू झालेली परिचारिका सगुणा त्यांच्याकडे शिकायला येई. मुलगी हुशार, हात चलाख. धीर तेवढा कमी. चुलीवरच्या भाताचे झाकण दहा वेळा उघडून पाहणाऱ्यांपैकी ती एक. आपण सगळेच त्यातले, म्हणून तिला हसू नये.

एके सकाळी धोंडिबा सुतार लाकूड तासत होता. धारदार वाकस हातातून निसटला आणि थेट जांघेत घुसला. रक्ताची चिळकांडी उडाली. घाव मांडीला खाली असता तर वर पट्टा आवळता आला असता. जांघेत आवळणार कुठे? धोंडिबाची बायको रखमा ओरडत धावली, तशी आबा आणि सगुणा पिशवी घेऊन निघाली. पिशवीत रक्त गोठवणाऱ्या पट्टीची दोनच पाकिटे होती. जाळीदार कापड, त्यावर पांढऱ्या मातीची बारीक पूड बसवलेली. रुग्णवाहिका तालुक्याहून यायला पाऊण तास लागणार होता.

सगुणाने पहिली पट्टी घावात ठासली आणि वर तळहात दाबला. अर्धे मिनिट गेले असेल-नसेल. थांबले का रक्त? तिला राहवेना. तिने हात उचलून पट्टी जराशी ओढून पाहिली, आणि नुकती धरू लागलेली गुठळी पट्टीसकट बाहेर आली. रक्त पुन्हा उसळले.

"अगं, काय केलंस हे!" आबा कधी नव्हे ते ओरडले.

आता एकच पाकीट उरले होते. आबांनी ते सगुणाच्याच हातात दिले. तिने साचलेले रक्त पुसले, ते जिथून येत होते तिथपर्यंत पट्टी भरली आणि दोन्ही तळहातांनी अंगातला सगळा जोर लावला. तेव्हा आबांनी खांद्यावरचा पंचा काढून तिच्या हातांवर टाकला. घाव दिसेनासा झाला. मग धोंडिबाच्या उशाशी बसून त्यांनी शांतपणे विचारले,

"धोंडिबा, बैलगाडीचं चाक कसं करतात रे?"

रखमा भडकली. "माझा माणूस चाललाय, आणि तुम्हाला चाकं सुचतायत?"

"सांग धोंडिबा. आणि पोरी, याच्या चाकावर लोखंडी धाव चढेपर्यंत हात उचलायचा नाही."

"आधी तुंबा," धोंडिबा क्षीण आवाजात म्हणाला. "मधला. बाभळीचा."

"आणि आरे?"

"बारा."

"एकेक बसव. घाई कुणाला आहे?"

सगुणाचे दंड भरून आले. पंच्याखाली काय चालले आहे ते तिला दिसत नव्हते. आपण या माणसाला मारले, एवढेच तिच्या मनात येत होते, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. सहाव्या आऱ्यापाशी धोंडिबा गप्प झाला. आबांनी त्याच्या गालावर चापट्या मारल्या.

"सातवा रे?"

"सातवा... तिरका बसतोय, आबा."

"काढ आणि परत बसव."

बारा आरे बसले. बाहेरचे लाकडी कडे झाले. लोखंडी धाव तापली, कड्यावर चढली, पाण्याने विझली. "आता मी पंचा काढतो. तू हात काढू नकोस," आबा म्हणाले. पट्टीच्या कडा कोरड्या होत्या, नवे रक्त कुठेच नव्हते. तरीही रुग्णवाहिका येईपर्यंत सगुणाने हात काढला नाही. तिसऱ्या दिवशी धोंडिबा दवाखान्यात उठून बसल्याचा निरोप रखमाने धाडला.

त्या संध्याकाळी सगुणा आबांच्या ओट्यावर आली. "आबा, जीव औषधाने वाचला की चाकाने?"

आबा म्हणाले, "रक्ताला शेवटी रक्तच थांबवतं गं. ती माती त्याला नुसती जागं करते, गुठळीला धरायला आधार देते. पुढचं काम त्याचं त्याने करायचं, आणि त्याला चार-पाच मिनिटं दाब आणि स्वस्थता लागते. तू पट्टी ओढलीस ती धोंडिबासाठी नव्हे. भीती तुला वाटत होती, दिलासा तुला हवा होता. घड्याळाकडे पाहिलं तर ती पाच मिनिटं सरत नाहीत, म्हणून चाक. शिवाय तो बोलतोय, म्हणजे शुद्धीवर आहे."

"मग दुसरं पाकीट माझ्या हातात का दिलंत? मी तर चुकले होते."

"ज्याने एकदा उचलून पाहिलंय, तो पुन्हा उचलत नाही."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

आबांनी आपले तळहात उलटून पाहिले. "बर्फात एका जवानाच्या घावावरून मीही असाच हात उचलला होता. माझ्याजवळ दुसरं पाकीट नव्हतं."

पुढे कितीतरी वर्षे, कुणाच्या वाहत्या घावावर हात दाबला की सगुणा वर पंचा टाकायची आणि विचारायची, "तुम्ही काम काय करता? सांगा बरं, अगदी पहिल्यापासून."