कासारणीचा झोपलेला हात

एका बाजारगावात बायजाक्का नावाची कासारीण होती. समोरच्या बाईचा हात कितीही जाड असो, अक्का गप्पा मारता मारता बोटं मुडपायची आणि बांगडी आत! बाईला "आई गं" म्हणायलाही सवड मिळायची नाही.

एका सकाळी अक्काला लकवा मारला. तोंड लवकर सुटलं, पहिल्यापेक्षा जरा जास्तच. उजवा हात मात्र कच्च्या पोळीसारखा लोंबत राहिला. त्यात नातीचं, मंगलचं लग्न ठरलेलं. कासाराच्या घरातल्या पोरीचा चुडा आजीनं नाही, तर दुसऱ्या कुणी भरायचा? हा घोर अक्काला आतून खात होता. पण बोलून दाखवील ती बायजाक्का कसली!

हाताला वळण लावायला दवाखान्यातून तनुजा नावाची डॉक्टरीण घरी यायची. तिनं एक रबरी चेंडू दिला. म्हणाली, "रोज दाबायचा, अक्का."

अक्का खुशाल चहा पीत बसायची आणि चेंडू सुनेच्या हातात द्यायची. "सगुणे, दाब गं माझ्या वाटणीचा."

डॉक्टरीण विचारायची, "केला ना व्यायाम?"

"केला की! चेंडू दमला, मी नाही दमले."

चेंडू मऊ झाला. सगुणाची मूठ लोखंडाची झाली. अक्काचा हात होता तिथंच.

एक दिवस डॉक्टरणीनं चेंडू दाबून पाहिला, मग सगुणाकडे पाहिलं. सगुणानं पदर तोंडाला लावला. डॉक्टरीण रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "अक्का, हा हात आला तर पहिलं काय करायचं?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. अक्काची थट्टा आटली. ती हळूच म्हणाली, "मंगलचा चुडा भरायचाय."

"मग चेंडू का दाबत नाही?"

"दाबत नाही, म्हणून हात येत नाही, असं मनाला सांगता येतं बाई. दाबूनही नाही आला, तर मनाला काय सांगू?"

डॉक्टरीण म्हणाली, "किती येईल ते मलाही ठाऊक नाही. खोटी आशा लावणार नाही. बांगड्यांची पेटी काढा." आणि अक्कासमोर बसून तिनं स्वतःचा हात पुढं केला. "भरा."

"अगं, काच आहे ती! माझा हात येडा झालाय. रक्त काढील तुझं."

"काढू दे. मी हात मागं घेणार नाही."

अक्कानं बांगडी धरली. अंगठा वळलाच नाही. कडकन बांगडी वाढली. कासाराच्या घरात फुटली म्हणत नाहीत. डॉक्टरणीच्या मनगटावर रक्ताचा थेंब आला. अक्काच्याच डोळ्यांत पाणी आलं. पण समोरचा हात हलला नाही.

"अंगठा झोपलाय, अक्का. आधी त्याला उठवा. घ्या दुसरी."

दुसरीही वाढली. तिसरी बोटांच्या पेरांवर अडकून बसली, पण शाबूत राहिली. डॉक्टरीण गेल्यावर अक्कानं सुनेपुढं हात केला. "आण तो चेंडू इकडं. फुकट पैलवान झालीस."

पुढं अक्का रोज चेंडू दाबायची, डॉक्टरणीला शिव्या घालायची आणि तिची वाटही बघायची.

चुड्याचा दिवस आला. अक्कानं मंगलचा एक हात भरला, आणि तिचा हात गळून मांडीवर पडला. बायका कुजबुजल्या. एक मावशी म्हणाली, "हळदीला उशीर होतोय. दुसरा हात सगुणा भरेल की."

अक्का म्हणाली, "हात दमलाय मावशे, मेला नाही. तुला घाई असेल तर तू लाव हळद अंगाला."

बायका हसल्या आणि बसून राहिल्या. अक्कानं दम खाल्ला, अंगठा चोळला आणि मंगलचा दुसरा हात ओढून मांडीवर घेतला. हळदीला उशीर झाला तो झालाच.

तात्पर्य: गेलेली कला परत यायची तर शिकवणाऱ्यानं आपला हात पुढं करावा आणि शिकणाऱ्यानं आपली लबाडी मागं ठेवावी, एकानं केलं आणि दुसऱ्यानं नाही, तर नुसता चेंडूच मऊ होतो.